समुद्र आणि सह्याद्री यांमधील चिंचोळी भूमी

नकाशाच्या तासाला चिली हा देश दाखविला की विद्यार्थी हमखास हसतात. लुगड्याला लांबलचक काठ लावावा तसा तो दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेला चिकटलेला दिसतो. लांबी सुमारे ४३०० किलोमीटर, सरासरी रुंदी मात्र २०० किलोमीटरांहूनही कमी. हसून झाल्यावर मी त्यांना महाराष्ट्राचा नकाशा पाहावयास सांगतो. तेथेही असाच एक काठ आहे आणि आपण त्यावरच बसलो आहोत.

कोकणचा किनारा ७२० किलोमीटरांचा. पट्टीची रुंदी बहुतेक ठिकाणी ५०-६० किलोमीटर. उल्हास नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्या ठाणे-कल्याणकडे, ती सर्वाधिक भरते. पश्चिमेस समुद्र व पूर्वेस पर्वत ही ठेवण चिलीसारखीच. तरीही एक मोठा भेद आहे. चिलीचे हवामान उत्तरेकडून दक्षिणेकडे बदलत जाते. उत्तरेच्या अटाकामा वाळवंटातील अरिका शहरी वर्षाकाठी सरासरी एक मिलिमीटरही पाऊस पडत नाही, तर दक्षिणेच्या टोकाकडे हिमनद्या आहेत. आपल्याकडे हवामान बदलते ते पश्चिमेकडून पूर्वेकडे, चढणीबरोबर.

नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प आणतात. सह्याद्रीच्या भिंतीपाशी त्यांना वर चढावे लागते. वर चढणारी हवा थंड होते आणि बाष्पाचे पाणी होते. म्हणून बदलापूरहून दिसणाऱ्या माथेरानवर सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर तेथून शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या पुण्यास जेमतेम ७०० मिलिमीटर. डोंबिवलीच्या विद्यार्थ्याला हे पाठ करावे लागते. मुरबाडहून माळशेज घाट चढून जुन्नरला गेलेल्याने ते डोळ्यांनी पाहिलेले असते.

घाटमाथ्याचे हे पाणी उल्हास, काळू, भातसा या नद्यांतून वेगाने खाली येते. २०१९ च्या जुलैत उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्याच जिल्ह्यात, मे महिन्यात, शहापूर तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे याच तालुक्यात! आमच्या वसतिगृहातील शहापूरकडील मुलांनी विचारले, ‘‘सर, पाऊस एवढा, मग पाणी जाते कोठे?’’ उत्तराचा अर्धा भाग भूगोलात आहे. येथील कठीण बेसॉल्ट खडक पाणी फारसे मुरू देत नाही, उतार तीव्र आहे, समुद्र जवळ आहे. धरणातले पाणी उताराने शहराकडे जाते, पाडे मात्र जलाशयाहून उंचावर असतात. उरलेला अर्धा भाग वाटणीचा आहे, आणि तो नागरिकशास्त्राच्या तासाचा विषय होय.

अडणाऱ्या खडकात पाणी साठविण्याची विद्या या भूमीला अपरिचित नव्हती. कान्हेरीच्या भिक्खूंनी लेण्यांलगत कातळात टाकी खोदविली. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. पावसाचे पाणी कोरीव पन्हळींतून त्यांत उतरे. दात्यांमध्ये कल्याणची माणसे अनेक आहेत. एका लेखात तर कल्याणच्या सोनाराने दिलेल्या पोढीचीच नोंद आहे. पुढील महिन्यातील सहलीत विद्यार्थ्यांनी दोरी आणि मोजपट्टी सोबत घ्यावी. पोढ्यांची लांबी, रुंदी, खोली मोजून त्यांत किती लिटर पाणी मावत असेल, याचे गणित आपण तेथेच मांडणार आहोत.