हंसराजाची निगा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा अर्थातच इतिहासविषयक लेखाची होती. परंतु वाचनालयाच्या उत्तरेकडील खिडकीत हंसराजाची जी कुंडी आहे, तिच्याविषयी भेटीस येणारे माजी विद्यार्थी हटकून विचारपूस करतात. पालकसभेस येणाऱ्या माता तर "आमच्याकडे हे झाड पंधरा दिवसांतच वाळते" अशी तक्रार करतात. तेव्हा या वेळी त्याच झाडाचा धडा.

हंसराज नेच्यांच्या वर्गातला. काळ्या, चकचकीत, केसासारख्या बारीक दांड्या आणि त्यांवर पंख्याच्या आकाराची नाजूक पाने. याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. पानांच्या कडा खालच्या बाजूस दुमडलेल्या असतात व त्या दुमडीत तपकिरी बीजाणू तयार होतात. सहावीतील एका विद्यार्थ्याने ती कीड समजून ओल्या फडक्याने सगळी पाने पुसून काढली होती. हेतू चांगला होता, म्हणून त्याला रागावता आले नाही.

लिनियसने १७५३ साली या वंशासाठी रूढ केलेले शास्त्रीय नाव अडियान्टम. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'न भिजणारे'. पानावर पाणी शिंपडून पाहावे, थेंब घरंगळून खाली पडतात. पान भिजत नाही, मूळ मात्र एक दिवसही कोरडे राहिलेले खपत नाही. या झाडाची सारी निगा या एका विसंगतीत आहे.

ते निसर्गात कुठे उगवते हे पाहिले म्हणजे ही विसंगती उलगडते. सह्याद्रीच्या उतारांवर, झिरपत्या कड्यांवर, जुन्या विहिरींच्या आतल्या दगडी भिंतींवर त्याचे घर. आमच्या गावच्या पायविहिरीत दगडांच्या सांध्यांतून त्याचे झुबके लोंबत असत. खाली पाणी, वर सावली, सांध्यांत सतत ओल, पण पाणी साचण्यास जागा नाही. माझ्या आजीच्या तरुणपणी त्या विहिरीच्या पायऱ्या आपल्यासाठी नव्हत्या. कोणीतरी वरून घागरीत पाणी ओतेल म्हणून ती दूर उभी राहत असे. विहिरीतला हंसराज तिने प्रथम पाहिला तो साठी उलटल्यावर, माझा हात धरून पायऱ्या उतरताना. "एवढं हिरवं होतं व्हय आत?" एवढेच ती म्हणाली.

घरात आपल्याला त्या विहिरीचीच व्यवस्था करावयाची असते. जागा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीजवळची असावी. उजेड भरपूर, पण ऊन अंगावर नको, दुपारच्या उन्हात पाने करपतात. पंख्याच्या झोताखाली किंवा वातानुकूलित खोलीत ते टिकत नाही, कारण तेथील हवा ओलावा शोषून घेते. माझ्या मते आपल्या घरांतील उत्तम जागा म्हणजे माठाशेजारची. माठ पाझरतो, त्याच्या भोवतीची हवा गार व दमट राहते आणि पाणी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाची नजर झाडावर पडते. माठ नसेल तर पसरट ताटलीत खडी व पाणी घालून तिच्यावर कुंडी ठेवावी, मात्र कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये. पानांवर फवारा मारण्याचा फायदा फार थोडा वेळ टिकतो.

आपल्याकडची काळी माती या कामाची नाही. ती भिजली की चिकट होते, वाळली की भेगाळते. पालापाचोळ्याचे कुजलेले खत, नारळाचा भुसा व जाड वाळू यांचे मिश्रण घ्यावे, थोडा कोळशाचा चुरा घातल्यास उत्तम. चुन्याची भीती बाळगू नये, चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींवर हंसराज आनंदाने वाढतो. खत अगदी सौम्य, तेही फक्त नवी पाने येत असताना. पाणी किती द्यावे याचे वेळापत्रक मी मुद्दामच देत नाही. बोट मातीत घालून पाहावे, वरची माती नुकतीच सुकू लागली असेल तर द्यावे. मे महिन्यात ते रोज लागेल, कधी दोनदाही. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांआड पुरते.

हे मला आज ठाऊक आहे. पहिल्या वर्षी ठाऊक नव्हते. उन्हाळी सुट्टीला जाण्याच्या आदल्या दिवशी महिनाभराची बेगमी म्हणून मी कुंडीत बादलीभर पाणी ओतले आणि निश्चिंत मनाने गावी गेले. जूनमध्ये परतले तेव्हा कुंडीत तपकिरी काड्यांखेरीज काही उरले नव्हते. कुंडी उकिरड्याकडे नेत असताना नव्याने दाखल झालेली एक मुलगी आडवी आली. ती घाटमाथ्यावरच्या खेड्यातली. शाळेत येऊन चार दिवस झाले होते आणि तोवर ती कोणाशी बोललीही नव्हती. "मॅडम, टाकू नका. आमच्या बांधावरचं दर साल असंच वाळतं. पाऊस पडला की तिथूनच येतं," ती म्हणाली.

तिचे बरोबर होते. आपल्या डोंगरातील रानहंसराजाची पाने पावसाळ्यानंतर वाळतात आणि त्याचे जमिनीतील खोड पुढच्या पावसाची वाट पाहते. कुंडीतला हंसराज बहुधा दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जातीचा असतो, तो बारमाही आहे. पण खोडात जीव उरला असेल तर तोही पुन्हा फुटतो. आम्ही सर्व काड्या मातीलगत कापल्या. कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवली, बुडबुडे थांबल्यावर काढून निथळली आणि वर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालून सावलीत ठेवली.

पिशवीची युक्ती माझी नव्हे. १८२९ साली लंडनमधील डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. शहराच्या धुरात त्यांचे नेचे जगत नसत, त्या बाटलीत मात्र एक नेचा आपोआप उगवला. मातीतून उठलेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. त्यातून त्यांनी काचेची पेटी घडवली. पुढे अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली. (इतिहासाचा लेख मागणाऱ्यांनी एवढ्यावर समाधान मानावे.)

सुमारे तीन आठवड्यांनी मातीतून गुंडाळलेल्या लहान शेंड्या वर आल्या. ते प्रथम त्या मुलीनेच पाहिले व धावत येऊन वर्गात सांगितले. नंतर चार वर्षे कुंडी तिच्याकडेच होती.

आता सुट्टीत आम्ही कुंडीशेजारी थोड्या उंचीवर पाण्याची बादली ठेवतो आणि जाड सुती वातीचे एक टोक पाण्यात, दुसरे मातीत खोचतो. आठ-दहा दिवसांनी पहारेकरी दादा बादली भरतात. दर दोन-तीन वर्षांनी झुबका दाटला की पावसाच्या आरंभी खोडाचे भाग करतो, प्रत्येक भागास दोन-तीन पाने ठेवून. यंदा असे सहा भाग निघतील. ज्यांना हवे असतील त्यांनी जूनमध्ये, चांगला पाऊस झाल्यावर, वाचनालयात यावे. कुंडी आपली आणावी, तळाला भोक असलेली.