लेअपची फी कशी मोजावी

पनवेल, कामोठे, खारघरच्या बऱ्याच सोसायट्यांत हल्ली बास्केटबॉलची एखादी तरी रिंग दिसते. मुलगा सुसाट ड्रिबल करत जातो आणि रिंगखाली पोचून लेअप घ्यायचा, म्हणजे धावत्या पावलांवर उडी मारून जवळून चेंडू टाकायचा, तर पाय गडबडतात. एक पाऊल जास्त पडतं, नाहीतर भलत्याच पायावर उडी घेतली जाते. मग घरचे ‘फुटवर्क आणि ॲजिलिटी’चा क्लास शोधायला लागतात, आणि पहिला प्रश्न असतो तो महिन्याच्या फीचा. तो चुकीचा प्रश्न आहे.

समजा एका क्लासची फी २,४०० रुपये आणि महिन्यात १२ दिवस शिकवणी, म्हणजे दिवसाला २००. एका रिंगपुढे २० मुलांची रांग. दर सहा सेकंदांना एक लेअप धरला तर अर्ध्या तासात ३०० होतात. प्रत्येकाच्या वाट्याला १५. एका लेअपला साधारण सव्वातेरा रुपये पडले. दुसऱ्या ठिकाणी फी ३,६०० आहे, पण रिंगमागे आठच मुलं. दिवसाला ३०० रुपये जातात खरे, पण लेअप मिळतात ३७. एकाला आठ रुपये. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या क्लासचे घालून बघा. चौकशीला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका, कोर्टाच्या कडेला उभं राहून रांग मोजा.

प्रशिक्षकाची पारख करायला दोन गोष्टी पुरतात. चेंडू गेला की गेला नाही एवढंच तो बघतो, की मुलाचे पाय बघतो? उजव्या हाताच्या लेअपला उजवं पाऊल, डावं पाऊल आणि डाव्या पायावर उडी, हे तो आधी चालत करून घेतो का? दुसरं, झिरो स्टेपबद्दल विचारा. धावता धावता चेंडू हातात घेताना जमिनीवर असलेला पाय मोजला जात नाही, त्यानंतर दोन पावलं मिळतात. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांत हे २०१७ पासून स्पष्ट आहे. एक पाऊल एका बाजूला आणि पुढचं उलट बाजूला टाकायची युरो स्टेप याच हिशेबावर उभी आहे. यावर जो नुसतं ‘ट्रॅव्हलिंग होतं’ म्हणतो, त्याच्याकडे फी भरण्याआधी विचार करा.

जमिनीवर अंथरलेली शिडी, म्हणजे लॅडर, आणि कोनांची रांग फोटोत छान दिसते. पण बिनचेंडूच्या लॅडरसाठी महिन्याचे पैसे मोजायची गरज नाही. लॅडर साधारण ४०० ते ८०० रुपयांत मिळते, आणि पार्किंगमध्ये खडूने आखली तर फुकट. एका पायावरचा तोल सांभाळायला आपली लंगडी काही वाईट नाही! खर्च करायचाच तर बुटांवर करा. धावण्याच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते, अंगाला झोका देऊन वळताना घोटा मुरगळू शकतो. देशी बनावटीचे बास्केटबॉल बूट दीड ते अडीच हजारांत येतात. वाढत्या वयात त्याहून महाग घेऊ नयेत, वर्षभरात आखूड होतात. सिमेंटच्या कोर्टावर रबरी चेंडूच घ्या, पाचशे ते हजाराच्या आत. मुलग्यांना सात नंबर, मुलींना सहा, बारा वर्षांखालच्यांना पाच.

पैसे अडकतात ते पावसात. मे महिन्यात तीन महिन्यांची फी एकदम भरली आणि कोर्ट उघड्यावर असलं, तर जून-जुलैत पनवेलच्या पावसात किती दिवस खेळ होईल ते तुम्हीच जाणता. बुडालेल्या दिवसांची भरपाई कशी, फी जीएसटी धरून की वगळून, मध्येच सोडलं तर परतावा किती, हे पावतीवर लिहून घ्या. क्लास ही पैसे घेऊन दिलेली सेवा आहे, त्यामुळे तक्रार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली करता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

आणखी एक शिकवणी जवळपास फुकट आहे. हार्बर लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरून टॅक्सीने मुंबईतल्या नागपाड्याचं बास्केटबॉल मैदान गाठा. अर्जुन पुरस्कार मिळवणारे बास्केटबॉलपटू अब्बास मुंतसीर याच वस्तीतले. सामना असेल त्या संध्याकाळी मुलाला कडेला बसवा आणि चेंडू सोडून फक्त पाय बघायला सांगा.