अर्पणपत्रिका

एखादे नवे पुस्तक हाती आले, की आपण त्याचे मुखपृष्ठ न्याहाळतो, अनुक्रमणिका चाळतो आणि मजकुराकडे वळतो. या दोहोंच्या मध्ये एक पान असते. त्याच्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. त्या पानाचा बहुतेक भाग कोरा असतो आणि मधोमध दोनचार ओळी तेवढ्या छापलेल्या असतात. ही ग्रंथाची अर्पणपत्रिका होय. पुढील शेकडो पानांत लेखक आपले ज्ञान सांगतो. या एका पानावर तो आपले ऋण सांगतो. म्हणूनच कित्येकदा लेखकाच्या अंतःकरणाची खरी ओळख या चार ओळींतच पटते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते त्यांनी कोणा राजाला वा धनिकाला अर्पण केले नाही. अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली, त्यांच्या सन्मानार्थ ते अर्पण केलेले आहे. पुण्यास राहणाऱ्या जोतीरावांनी ती माणसे कधी पाहिलेली नव्हती, आणि त्या माणसांच्या कानीही हे शब्द बहुधा गेले नसतील. तथापि सत्कृत्य कोठेही घडो, त्याची कदर करणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्यांनी मानले. आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी तेथेच प्रकट केली. खरी कृतज्ञता केवळ हात जोडून थांबत नाही. ती माणसाला कामाला लावते.

हे ऋण पुढे कसे वाहत आले पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी शूद्र पूर्वी कोण होते, या विषयावर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. १९४६ साली निघालेला तो ग्रंथ त्यांनी महात्मा फुले यांच्या स्मृतीस अर्पण केला. जोतीराव १८९० साली निवर्तले आणि बाबासाहेब १८९१ साली जन्मले. दोघांची भेट होणे शक्यच नव्हते. परंतु कृतज्ञतेला भेटीची अट नसते.

बाबासाहेबांची आणखी एक अर्पणपत्रिका आहे. ती वाचताना मात्र मन भरून येते. फाळणीच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. विषय राजकारणाचा, भाषा तर्काची. पण आरंभीच्या पानावर नाव आहे ते त्यांच्या पत्नीचे. तेही 'रमाबाई' असे नव्हे, तर 'रामू' असे घरातले नाव. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस आणि १९२० साली पुन्हा इंग्लंडास विद्याभ्यासासाठी गेले. त्या वर्षांत रमाबाईंनी मुंबईत अत्यंत ओढगस्तीत संसार रेटला. पाच अपत्यांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. बाबासाहेबांनी त्या अर्पणपत्रिकेत पत्नीचा चांगुलपणा, मनाचा उदारपणा व शील यांचा गौरव केला. आणि ज्या काळी मित्र नव्हते व विवंचनांना पार नव्हता, त्या काळी तिने आपल्यासह दुःख सोसले, हेही कृतज्ञतेने नमूद केले.

परंतु ते पान छापले गेले तेव्हा ते वाचायला रमाबाई नव्हत्या. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले होते. बाबासाहेबांच्या अंतःकरणात पत्नीविषयीचा आदर तिच्या हयातीतही असलाच पाहिजे. पण जगाने वाचलेले ते शब्द ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांच्या दृष्टीस मात्र पडले नाहीत. ऋण मनात असणे निराळे आणि ते धनकोपर्यंत पोचणे निराळे.

याच्या उलट असे एक उदाहरण दूरदेशीचे आहे. आल्बेर काम्यू हा फ्रेंच लेखक अल्जीरियात वाढला. तो तान्हा असतानाच त्याचे वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. आईला लिहितावाचता येत नव्हते, ऐकूही कमी येई. ती लोकांच्या घरी साफसफाईची कामे करी. मुलाने लवकर मिळवते व्हावे, अशी आजीची इच्छा होती. प्राथमिक शाळेतील लुई झेर्में या शिक्षकांनी त्या मुलाची बुद्धी ओळखली, आजीची समजूत घातली आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्याला जादा वेळ देऊन शिकविले.

१९५७ साली काम्यूला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी १९ नोव्हेंबर रोजी त्याने आपल्या वृद्ध गुरुजींना एक छोटेसे पत्र लिहिले. बातमी कळताच आईच्या पाठोपाठ आपल्याला त्यांचीच आठवण झाली. एका गरीब मुलाला त्यांनी प्रेमाने हात दिला नसता, तर यातले काहीच घडले नसते, अशा आशयाचे ते पत्र आहे. पुढे पारितोषिकप्रसंगीची भाषणे पुस्तकरूपाने निघाली, तीही त्याने गुरुजींनाच अर्पण केली. ४ जानेवारी १९६० रोजी एका मोटार अपघातात काम्यूचा अंत झाला. 'सवडीने लिहू' असे म्हणून त्याने ते पत्र दोनतीन वर्षे लांबणीवर टाकले असते, तर गुरुजींना ते कधीच मिळाले नसते.

आता कोणी म्हणेल, "घरच्या माणसांचे आभार कसले मानायचे? आभार परक्यांचे!" या म्हणण्यात तथ्य आहे. आईने ताट वाढले, की तिच्यापुढे उभे राहून आभाराचे भाषण करणे आपल्या रीतीत बसत नाही. परंतु आपल्याकडे कृतज्ञतेची रीतच नाही, असे मात्र नव्हे. जेवून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणणारे आजोबा काय करतात? दसऱ्याला आपट्याचे पान देऊन वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करण्यात काय असते? पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलाला न्हाऊमाखू घालून पुरणपोळीचा घास देतो, तो कशासाठी? मुक्या जनावराचे उपकार जो विसरत नाही, त्याने बोलत्या माणसांशी मुके का राहावे?

मात्र उपकाराची जाण देताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'आपले फार उपकार झाले' हे वाक्य कोणालाही म्हणता येते. म्हणून ते कोणाच्याच मनाला भिडत नाही. काम्यूने गुरुजींचा मदतीचा हात सांगितला. बाबासाहेबांनी दारिद्र्यातील सोबत सांगितली. आपणही नेमकी गोष्ट सांगावी. "आई, माझ्या परीक्षेच्या दिवसांत तू रोज पहाटे माझ्याआधी उठत होतीस, ते माझ्या लक्षात आहे," एवढे एक वाक्य पुरे. आपले कष्ट कोणी पाहिले, हे कळण्यातच कष्ट करणाऱ्याचे समाधान असते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी सर्वच जण ग्रंथ लिहितील असे नाही. परंतु आयुष्याचे पुस्तक प्रत्येकजण लिहीतच असतो. त्याच्या पहिल्या पानावर कोणाची नावे यावीत, याचा आजच विचार करा; आणि ती माणसे जवळ आहेत, तोवर ते पान त्यांना वाचून दाखवा.

स्वाध्याय

१. 'ग्रंथात लेखक ज्ञान सांगतो, अर्पणपत्रिकेत ऋण सांगतो,' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केले? का?
३. रमाबाईंविषयीची अर्पणपत्रिका आणि काम्यूचे पत्र यांत कोणता फरक लेखकाला महत्त्वाचा वाटतो?
४. वाक्यात उपयोग करा : कित्ता गिरविणे, मन भरून येणे, लांबणीवर टाकणे.
५. ज्यांचे ऋण तुम्ही आजवर बोलून दाखविले नाही, अशा एका व्यक्तीस पत्र लिहा आणि ते तिला नेऊन द्या.