‘कट्यार काळजात घुसली’ : एका संगीत नाटकाची घडण

सूरजागडच्या पहाडाखालील माडिया गावांत रेला गाण्याची एक रीत आहे. हातात हात गुंफून फेर धरायचा, एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची. गाणे शिकवावे लागत नाही. फेरात उभे राहिले की ते येते. ते कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न गोटुलात कोणी विचारीत नाही. जिल्ह्याच्या उत्तरेकडे, धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीतील मंडई, शंकरपट आणि रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात. वडसा येथील नाटक मंडळ्या गावोगाव जातात. पेंडालातील प्रेक्षकाला गाण्यावाचून नाटक ही कल्पनाच सहन होत नाही. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेले गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ही आपल्या भागाला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे.

गाण्यावर असे प्रेम करणाऱ्या भागातील विद्यार्थ्याने अभ्यासावे असे एक मराठी संगीत नाटक म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’. याचे एक कारण असे की, त्याचा लेखक आपल्याच विदर्भातला आणि त्यातील मुख्य गायक नटही विदर्भातलाच. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे, गाणे कोणाच्या मालकीचे, हाच या नाटकाचा प्रश्न आहे.

नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला. तो काळ संगीत नाटकाला फारसा अनुकूल नव्हता. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने ज्या परंपरेचा पाया घातला आणि बालगंधर्वांनी जिला वैभव दिले, ती परंपरा बोलपट आल्यावर ओसरली. ‘सौभद्रा’त शंभरावर पदे होती; प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत आणि पहाट होई. कथानक थांबले तरी चालेल, पण गाणे थांबता कामा नये, असा तो जमाना होता. साठीच्या दशकात विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’सारख्या नाटकांनी आणि वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधे’ने (१९६४) पुन्हा जान आणली खरी, तरीसुद्धा एक अडचण उरलीच होती. पात्र बोलता बोलता एकाएकी गाऊ का लागते? नव्या प्रेक्षकाला हे खटकू लागले होते.

पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी ही अडचण मुळातच नाहीशी केली. त्यांनी गवयांवरच नाटक लिहिले! गवई गातो यात नवल ते काय? दारव्हेकर नागपूरचे, पेशाने शिक्षक. म्हणून सारे त्यांना ‘मास्तर’ म्हणत. पुढे ते आकाशवाणीवर गेले. नागपुरात रंजन कला मंदिर उभारून त्यांनी मुलांची व मोठ्यांची नाटके बसविली. वैदर्भी बोलीतले ‘वऱ्हाडी माणसं’ त्यांचेच. ‘कट्यार’चे लेखन, त्यातील बहुतेक पदे आणि दिग्दर्शन अशी तिन्ही कामे त्यांनी स्वतः केली. यामुळे नाटकात संवाद कोठे संपतो आणि गाणे कोठे सुरू होते, ती जागा एकाच हाताने आखलेली दिसते.

कथानक थोडक्यात असे. विश्रामपूर संस्थानात पंडित भानुशंकर हे राजगायक. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले त्यांना दरवर्षी दरबारात आव्हान देतात व हरतात. शेवटी एके वर्षी बाजी उलटते. राजगायकाची हवेली आणि मानाची कट्यार खाँसाहेबांकडे जाते. या कट्यारीने केलेला एक खून माफ, असा तिचा अधिकार! पंडितजींकडे विद्या घेण्याच्या ओढीने आलेला सदाशिव पोहोचतो तेव्हा पंडितजी निघून गेलेले असतात. मग तो खाँसाहेबांचेच गाणे चोरून ऐकून शिकू लागतो. खाँसाहेबांच्या लेखी घराण्याची विद्या म्हणजे तिजोरीतले धन. परक्याने ती उचलणे ही चोरी, आणि चोराला शिक्षा करण्यासाठी कट्यार कमरेला आहेच.

आता येथे खरी कसोटी संगीतकाराची होती. ‘दोन घराण्यांचे गाणे वेगळे आहे’ असे संवादात सांगून भागत नाही. शास्त्रीय संगीत न जाणणाऱ्या, शेवटच्या बाकावरील प्रेक्षकालाही तो फरक कानाने कळला पाहिजे. नाही तर सारा संघर्ष हवेत. गोव्यातील मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी यांनी ‘मत्स्यगंधे’च्या वेळीच नाट्यपद आटोपशीर करून दाखविले होते. येथे त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद त्यांनी दोन चालींत बांधले. एक चाल सालगवराळी रागात, संथ व स्वरांवर रेंगाळणारी. ही पंडितजींच्या परंपरेची, आणि ती प्रसाद सावकारांच्या गळ्यातून रसिकांपर्यंत पोहोचली. दुसरी धानी रागात, खाँसाहेबांची. धानीत रिषभ आणि धैवत वर्ज्य, गंधार व निषाद कोमल; अवघ्या पाच स्वरांचा हा चपळ राग द्रुत लयीत आणि तानांच्या फेकीत असा काही उसळतो की, तेच शब्द निराळ्याच माणसाने निराळ्याच हेतूने लिहिले असावेत असे वाटते. शब्द एक, स्वभाव दोन. माझ्या मते या नाटकाचे सारे रहस्य या एका युक्तीत आहे. दोन गवयांचे वैर, दोन घराण्यांतील अंतर आणि सदाशिवापुढचा पेच, हे सर्व दहा पानांच्या संवादांनी जे साधले नसते ते या दोन चालींनी साधते. हे गाणे गाळले तर नुसते गाणेच जात नाही, नाटकाचा एक प्रवेश जातो. ‘सौभद्रा’तील कितीतरी पदांबद्दल असे म्हणता येणार नाही.

(जाता जाता एक गमतीची गोष्ट. या नाटकातील ललितपंचम रागातले सूर्यस्तुतीचे पद सूर्याला लोखंडाच्या गोळ्याची उपमा देते. लोहखनिजाच्या पहाडाशेजारी राहणाऱ्या आणि त्या पहाडाला सूरजागड म्हणणाऱ्या आपणा लोकांना ती उपमा मुद्दाम समजावून सांगावी लागू नये!)

खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे उभे राहिले. त्यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूरचा, बालपण नागपुरात. तेथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. १९३५ च्या ‘कालियामर्दन’ बोलपटात त्यांनी लहानपणी कृष्णाचे काम केले होते. पुढे आयुष्याची बरीच वर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरी करण्यात गेली. लाहोरला असद अली खाँ, तसेच सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा अनेकांकडून त्यांनी विद्या घेतली. याचा परिणाम असा की, कोणतेच घराणे त्यांना सर्वस्वी आपले म्हणेना आणि कर्मठ मंडळी त्यांच्या गाण्याकडे संशयाने पाहत. घराण्याच्या भिंती ओलांडून जेथून मिळेल तेथून शिकलेला हा माणूस रंगमंचावर मात्र घराण्याच्या भिंती राखणारा खाँसाहेब झाला. आयुष्याने ते सदाशिवाचे सख्खे होते. त्यांचा खाँसाहेब नुसता खलनायक वाटत नाही, रागावतानाही आतून व्याकूळ वाटतो, तो कदाचित यामुळेच असेल.

बाकीची पात्रयोजनाही तोलामोलाची होती. भार्गवराम आचरेकर पंडितजी, प्रसाद सावकार सदाशिव, फैय्याज झरीना आणि निर्माते प्रभाकर पणशीकर स्वतः कविराज. १९६३ साली स्थापन झालेल्या पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदे’ने एवढे गायक एकत्र आणण्याचा खर्च पत्करला, हे सांगितलेच पाहिजे. गद्य नाटकाला चार नट पुरतात. येथे गळा आणि अभिनय दोन्ही असलेली माणसे हवी होती, शिवाय साथीदार वेगळेच. अशा नाटकाचे दौरे काढणे हा व्यवहाराच्या दृष्टीने धाडसाचाच मामला. तरीही नाटकाचे हजारावर प्रयोग झाले. ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांमुळे, जेथे नाटक कधीच पोहोचले नाही अशा गावांतही त्यातील पदे पोहोचली.

नाटकात उणिवा नाहीत असे नाही. विनोदी प्रवेश आज सैल वाटतात, आणि झरीना व उमा या दोन्ही मुलींना बापांच्या वैरापलीकडे स्वतंत्र आयुष्य लेखकाने दिलेले नाही. सदाशिवाची बाजूही कधी कधी फारच निर्मळ रंगविली आहे. चोरून शिकण्यात गुरूचा विश्वासघात होतो की नाही, हा प्रश्न लेखक पुरता उलगडत नाही, गाण्याच्या लाटेवर पुढे जातो. वर्गात या नाटकावर चर्चा झाली तर ती याच मुद्द्यावर व्हावी. गोटुलाच्या फेरात वाढलेल्या मुलाला खाँसाहेबांचा संताप मुळातच अनाकलनीय वाटेल. पण पोटासाठी गाणाऱ्या आणि एका पराभवाने हवेली गमावणाऱ्या दरबारी गवयाला आपली विद्या झाकून का ठेवावीशी वाटे, हेही त्याने समजून घेतले पाहिजे.

वसंतराव ३० जुलै १९८३ रोजी वारले. २०१० साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा रंगमंचावर आले आणि २०१५ साली त्यावर चित्रपटही निघाला. २०१० च्या प्रयोगांत खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिव झाले अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे. सदाशिवाचे काम करणारा गुरूच्या घरी राहून, समोर बसून शिकलेला. आणि खाँसाहेबांचे काम करणारा नातू आजोबा गेले तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. आजोबांचे गाणे त्याला भेटले ते ध्वनिमुद्रणांतून, कान लावून ऐकता ऐकता.