अभ्यासपाठ : शपथ पाठ झाली, विवेक कधी शिकायचा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या ग्रुपमधल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली मेडिकलला आहेत. नीटचे मार्क आपण सगळ्यांना सांगतो, पेढे वाटतो. पण डॉक्टर झाल्यावर तो रुग्णाशी कसा वागेल, हा विषय घरात निघतो का?

*प्रसंग*
आजींना कॅन्सर आहे. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, "आईला सांगू नका, ती खचेल." संध्याकाळी आजी शिकाऊ डॉक्टरचा हात धरतात, "बाळा, खरं सांग, मला काय झालंय?" त्याने काय करावं?

*ग्रंथ काय सांगतो*
चरकसंहितेत, विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, गुरू शिष्याला अग्नीसमोर उपदेश करतात. रुग्णाच्या हितासाठी मनापासून झट, त्याच्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नको. आणि आयुष्य थोडं उरलंय हे कळलं, तरी जिथे सांगितल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कोणाला अपाय होईल, तिथे सांगू नको.

नीट पाहा, 'कधीच सांगू नको' असं म्हटलेलं नाही. अपाय कशात आहे हे वैद्याने ओळखायचं. आजींना कुणाला भेटायचं असेल, व्यवहार मार्गी लावायचे असतील. न सांगता ती वेळ निघून गेली, तर तोही अपायच. म्हणून शपथ पाठ असून भागत नाही, विवेक लागतो.

*विवेक शिकता येतो का?*
येतो, पण सरावाने. 2019 च्या तुकडीपासून एमबीबीएसला 'एटकॉम' म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद यांचे पाठ सुरू झाले. पहिल्या वर्षीच्या एका पाठाचा विषय आहे, शवविच्छेदनासाठी मिळालेला देह हा आपला पहिला गुरू. आपल्या साधकांना हे वेगळं सांगायला नको.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गेऑर्ग लिंड यांनी दाखवलं की चांगली इच्छा वेगळी आणि नैतिक क्षमता वेगळी. विरुद्ध बाजूचा मुद्दासुद्धा त्याच्या गुणावर तोलता येणं, ही त्या क्षमतेची एक खूण. तिच्या सरावासाठी त्यांनी चर्चेची एक पद्धत बसवली.

*या आठवड्याचा अभ्यास*
जेवण झाल्यावर सगळ्यांनी मिळून बसा.
१. वरचा प्रसंग मोठ्याने वाचा.
२. 'सांगावं' आणि 'सांगू नये' असे दोन गट करा.
३. आळीपाळीने बोला. मुद्द्यावर काहीही बोला, माणसावर टीका नको.
४. शेवटी प्रत्येकाने समोरच्या गटाचा कुठला मुद्दा सगळ्यात पटला, ते सांगा.

चौथी पायरी सोडू नका. तिथेच अहंकार थोडा खाली बसतो.

आणि त्या शिकाऊ मुलाचं काय? निदान सांगण्याचा अधिकार त्याचा नाही, पण खोटंही बोलायचं नाही. "आजी, तुम्हाला काय काय जाणून घ्यायचंय?" असं विचारावं, शांतपणे ऐकावं आणि आजी विचारताहेत हे वरिष्ठांच्या कानावर घालावं. मुलालाही समजावता येतं, की आई शुद्धीवर आहे, उपचारांना संमती तिचीच लागणार.

मोठ्यांचं न पटलेलं आदराने बोलून दाखवायची सवय घरात लागली, तर वॉर्डात तोंड उघडेल. घरात गप्प बसवलेलं मूल तिथेही गप्पच राहील.

*चिंतन :* आपल्या घरात मुलाचा मुद्दा बरोबर निघाला, असं आपण शेवटचं कधी म्हटलं?

आपले अनुभव ग्रुपवर जरूर कळवा.

॥ सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥