ओसरीवरचं माणूस

आपल्या पिंपळगाव रेणुकाईत मिरचीचे दिवस आले, की कुणालाच सवड नसते. सकाळी बाया तोडणीला जातात. गडी माणसं माल घेऊन बाजारात जातात. पोरं शाळेत जातात. दुपारी गल्ल्या सुन्या पडतात. एखाद्या ओसरीवर म्हातारं माणूस तेवढं बसलेलं दिसतं.

आमच्या गल्लीत एक आजी अशा बसत. मी तेव्हा हेडमास्तर होतो. शाळेत जाताना त्या रोज विचारत, "गुरुजी, किती वाजले?" मी चालता चालता वेळ सांगायचो आणि पुढे जायचो.

पुढे मी निवृत्त झालो. ओसरीवर बसू लागलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागलो, "काय, आज मिरचीला भाव काय?" मला कुठं मिरची विकायची होती! तेव्हा उमजलं. आजींना वेळ विचारायची नव्हती. त्यांना बोलायचं होतं. पण मला उमजलं, तोवर त्यांची ओसरी रिकामी झाली होती.

त्यांना भाकर मिळत होती. लुगडं मिळत होतं. सूनही मायेची होती. मग उणं काय होतं? त्यांची कुणी वाट पाहत नव्हतं. त्यांच्यावाचून कुणाचं काम अडत नव्हतं. भरल्या घरात माणूस एकटं पडतं, ते असं.

हे दुखणं नुसतं मनाचं नाही. डॉक्टर सांगतात, की फार काळ एकटं पडलेल्या माणसाला हृदयविकार, पक्षाघात आणि विसराळूपणाचा आजार होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली या प्रश्नासाठी खास आयोग नेमला.

मग यावर औषध काय? एका गावाने काय केलं, ते ऐका.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं लहान गाव आहे. तिथल्या म्हाताऱ्या बायांना वाटे, आपल्यालाही पोथी वाचता यावी. गावच्या शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, तिथे 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. मोतीराम दलाल ट्रस्टने मदत केली. साठ ते नव्वद वर्षांच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, खांद्याला दप्तर लावून शाळेत येऊ लागल्या. वेळ दुपारी दोन ते चार. घरची कामं उरकल्यावरची. शिकवणारी बाई गावचीच सून. तिची सासूसुद्धा वर्गात बसे! घरी नातवंडं आजीचा अभ्यास घेत.

आज्या सही करायला शिकल्या. अंगठा सुटला. पण आणखीही एक गोष्ट झाली. दोन वाजता कुठं जायचं, ते ठरलं. तिथे कोण भेटणार, ते ठरलं. एखादी आली नाही, तर "का गं आली नाहीस?" असं विचारणारं कुणी झालं.

फांगण्याच्या आज्या शिकल्या. आफ्रिकेत झिम्बाब्वे देशातल्या आज्यांनी तर दुसऱ्यांना आधार दिला. हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली चौदा आज्यांना हाताशी धरलं. मन खचलेल्या माणसाचं कसं ऐकावं, हे त्यांना शिकवलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवला. मन जड झालेलं माणूस येऊन बाकावर बसे. आजी शांतपणे ऐकून घेई आणि वाट काढायला मदत करी. त्याला 'मैत्रीचा बाक' म्हणतात. पुढे असे बाक दुसऱ्या देशांतही झाले.

आपल्याकडे बाक नसेल, पण पार आहे. देवळाचा मंडप आहे. शाळेचा वऱ्हांडा आहे. पैसा फार लागत नाही. तीन गोष्टी लागतात: ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि हाताला काम.

काम कोणतं? आज्यांनी पोरांना गोष्टी सांगाव्यात. बाबांनी कोणतं बी कसं राखायचं, ते तरुणांना दाखवावं. जुन्या विहिरी कुणी खोदल्या, दुष्काळात गाव कसं जगलं, ते पोरांनी वहीत लिहून घ्यावं.

तीन गोष्टींची काळजी घ्या. पारावर बाप्ये बसतात, बाया बसत नाहीत. त्यांच्यासाठी त्यांना सोयीची जागा बघा. जातपात न बघता सगळ्यांना बोलवा. ज्यांना चालवत नाही, त्यांच्या ओसरीवर आपण जावं.

वाचक बंधु-भगिनींनो, तुम्ही आता अक्षरं शिकलात. हा धडा वाचून झाला, की पुस्तक मिटू नका. शेजारच्या ओसरीवर जा. तिथल्या माणसाला हा वाचून दाखवा. अडखळलात तरी चालेल. त्यांना घाई नसते.

आणि कुणी विचारलं, "किती वाजले?" तर वेळ सांगा आणि जरा टेका.

सांगा पाहू

१. आजी रोज वेळ का विचारत होत्या?
२. आजीबाईंची शाळा कुठे आणि कधी सुरू झाली?
३. शाळेमुळे आज्यांना अक्षरांशिवाय काय मिळालं?

करून पाहा

तुमच्या गल्लीत दुपारी एकटं कोण असतं? त्यांचं नाव वहीत लिहा. या आठवड्यात त्यांच्याकडे कधी जाणार, तो वारही पुढे लिहा.