८ मे १९४५ : एका तारखेच्या दोन स्मृती

८ मे १९४५ हा दिवस युरोपच्या इतिहासात विजयदिन म्हणून नोंदला गेला आहे. नाझी जर्मनीने शरणागती पत्करली आणि पॅरिस व लंडनच्या रस्त्यांवर आनंदित जनसमुदाय लोटला. त्याच दिवशी सकाळी, भूमध्य समुद्राच्या दक्षिणेस, अल्जीरियातील सेतिफ या गावीही विजयाची मिरवणूक निघाली होती. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मारकास पुष्पचक्र वाहावयाचे होते. मिरवणुकीत स्वतंत्र अल्जीरियाचा ध्वज व स्वातंत्र्याची मागणी करणारे फलक दिसताच पोलीस पुढे सरसावले. झटापटीत गोळीबार झाला व ध्वज हाती घेतलेला बूझीद साल हा तरुण ठार झाला. संतप्त लोकांनी गावात आणि आसपासच्या प्रदेशात शंभराच्या आसपास युरोपीयांचे प्राण घेतले. त्यानंतर फ्रेंच भूदल, विमानदल व नौदल यांनी, आणि गेल्मा येथे युरोपीय रहिवाशांच्या सशस्त्र पथकांनी, कित्येक आठवडे सूड उगवला. मृत अल्जीरियनांची संख्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी हजार ते दीड हजार सांगितली. अल्जीरियात ४५,००० हा आकडा रूढ झाला. इतिहासकारांचे अंदाज या दोहोंच्या मध्ये आहेत.

एकाच तारखेच्या या दोन स्मृती दीर्घकाळ एकमेकींना भेटल्या नाहीत. त्या का भेटल्या नाहीत, आणि इतिहासकारांनी त्यांना समोरासमोर कसे आणले, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

स्मृतीची चौकट

आठवण ही व्यक्तीच्या मनातील खाजगी ठेव आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीस छेद दिला. मनुष्य आठवतो तो कुटुंब, धर्म, वर्ग अशा समूहांनी पुरविलेल्या चौकटींच्या आधारे, असे त्यांचे प्रतिपादन होते. चौकट बदलली की आठवण बदलते. चौकट मोडली की आठवण निराधार होते. हाल्बवाक्स यांचा मृत्यू मार्च १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत झाला.

त्यांच्याही आधी, १८८२ साली, अर्नेस्त रनाँ यांनी पॅरिस येथील व्याख्यानात एक अवघड सत्य सांगितले होते. राष्ट्र जसे सामाईक आठवणींवर उभे राहते, तसेच ते सामाईक विस्मरणावरही उभे राहते. जुन्या कत्तलींचा हिशेब रोज मांडला तर एकत्र नांदणे कठीण होईल, असा त्यांचा आशय होता. तथापि यातून एक प्रश्न उरतोच. विसरावयाचे काय, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? ज्यांनी घाव घातला त्यांचा, की ज्यांनी तो सोसला त्यांचा?

अल्जीरियाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र होता. १८३० साली फ्रान्सने हा देश जिंकण्यास प्रारंभ केला आणि १८४८ मध्ये त्याच्या उत्तर भागाचे फ्रान्सचे प्रांत बनविले. कायद्याच्या दृष्टीने अल्जीरिया ही वसाहत नसून फ्रान्सचाच भाग होता. मात्र तेथील बहुसंख्य मुसलमान प्रजेला समान नागरिकत्व नव्हते. या विसंगतीतून १ नोव्हेंबर १९५४ रोजी स्वातंत्र्ययुद्धाचा भडका उडाला. योगायोग असा की, याच दिवशी फ्रान्सने पुदुच्चेरी व भारतातील आपल्या अन्य वसाहतींचा प्रत्यक्ष कारभार भारताकडे सोपविला. विलीनीकरणाचा करार १९५६ साली झाला. फ्रेंच संसदेची त्यास संमती मिळाली ती १९६२ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये एव्हियाँ येथील समझोत्याने अल्जीरियातील युद्ध थांबले आणि जुलैमध्ये तो देश स्वतंत्र झाला.

युरोपच्या नकाशातील विस्मरण

महायुद्धोत्तर युरोपच्या ऐक्याची कथा सामान्यतः अशी सांगितली जाते : परस्परांशी लढून थकलेल्या राष्ट्रांनी वैर सोडले आणि शांततेसाठी ती एकत्र आली. ही कथा खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे. ज्या ९ मे १९५० च्या शूमान घोषणेपासून युरोपीय ऐक्याची गणना होते, तिच्यातच आफ्रिकेचा विकास हे युरोपचे एक प्रमुख कार्य म्हणून सांगितले होते. २५ मार्च १९५७ रोजी सहा राष्ट्रांनी रोमच्या करारावर सह्या केल्या. त्याच्या २२७ व्या कलमात अल्जीरियाचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे आर्थिक समुदायाचा जन्म झाला तेव्हा त्याची सीमा भूमध्य समुद्राशी संपत नव्हती, आणि त्या सीमेच्या आत युद्ध चालू होते.

१९६२ नंतर हा नकाशा लोकांच्या मनातून पुसला गेला. जणू युरोप नेहमीच आजच्या आकाराचा होता आणि साम्राज्ये ही दूर कोठेतरी घडलेली गोष्ट होती, असा समज दृढ झाला. स्मरणाचे दिवसही या नव्या चौकटीनुसार बदलले. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तें यांनी जर्मनीशी जडलेल्या मैत्रीस अनुसरून फ्रान्समधील ८ मेचा अधिकृत समारंभ बंद केला. १९८१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. युरोपच्या सलोख्यासाठी ही तारीख बाजूला ठेवावी की नाही, याची चर्चा फ्रान्स आणि जर्मनी यांच्या संदर्भात झाली. सेतिफचा प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी नव्हता.

विस्मरणाची ही पकड किती घट्ट होती, याचे उदाहरण इतिहासलेखनातच सापडते. पिएर नोरा यांच्या संपादकत्वाखाली १९८४ ते १९९२ या काळात फ्रान्सच्या स्मृतिस्थळांवरील सात खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध झाला. ध्वज, राष्ट्रगीत, शालेय पुस्तके, स्मारके यांचा त्यात सूक्ष्म अभ्यास आहे. परंतु शंभराहून अधिक लेखांत वसाहतींना प्रत्यक्ष वाहिलेला लेख जवळजवळ एकच, तो म्हणजे १९३१ च्या पॅरिस येथील वसाहत प्रदर्शनावरचा. वस्तुतः नोरा यांनी तरुणपणी अल्जीरियातील ओराँ येथे अध्यापन केले होते आणि तेथील फ्रेंच समाजावर १९६१ साली पुस्तकही लिहिले होते. तेव्हा हा अज्ञानाचा परिणाम म्हणता येत नाही. राष्ट्राच्या स्मृतीची जी चौकट गृहीत धरली गेली, तिच्यातच अल्जीरियाला जागा नव्हती.

दोन स्मृतींची भेट

ही चौकट सैल झाली ती अनपेक्षित मार्गाने. मोरिस पापों हा अधिकारी जर्मन अंमलाच्या काळात बोर्दो येथे होता. तेथून ज्यूंना छळछावण्यांकडे पाठविण्यात सहभागी असल्याबद्दल १९९८ मध्ये त्यास शिक्षा झाली. हाच पापों १९६१ साली पॅरिसचा पोलीसप्रमुख होता. त्या वर्षी १७ ऑक्टोबरच्या रात्री संचारबंदीच्या निषेधार्थ निघालेल्या अल्जीरियनांच्या शांततापूर्ण मोर्चावर पोलिसांनी हल्ला चढविला; काहींची प्रेते सेन नदीत टाकली गेली. बळींची संख्या काही अभ्यासक काही डझन मानतात, तर काही दोनशेच्या आसपास.

या घटनेवर झाँ-लुक आयनोदी यांनी १९९१ मध्ये ग्रंथ लिहिला. ते पेशाने इतिहासकार नव्हते. पोलिसांची कागदपत्रे त्यांना पाहू दिली गेली नाहीत, म्हणून त्यांनी साक्षीदारांच्या मुलाखती, दफनभूमीच्या नोंदी यांवर भिस्त ठेवली. पुढे पापोंने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा पॅरिसच्या अभिलेखागारातील दोन अधिकाऱ्यांनी न्यायालयात आयनोदी यांच्या बाजूने साक्ष दिली. १९९९ मध्ये दावा फेटाळला गेला. मात्र त्या अधिकाऱ्यांना कार्यालयात दीर्घकाळ बाजूला बसविण्यात आले. त्याच वर्षी फ्रेंच संसदेने, इतकी वर्षे सरकारी भाषेत उत्तर आफ्रिकेतील मोहीम म्हटल्या जाणाऱ्या संघर्षास युद्ध हे नाव दिले.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. ज्यूंच्या संहाराचे स्मरण आणि वसाहतींतील अत्याचारांचे स्मरण ही एकमेकांची जागा बळकावणारी प्रतिस्पर्धी नव्हेत. एका स्मृतीने दुसरीस वाट करून दिली. अल्जीरियातील छळाविरुद्ध १९५८ पासून लेखणी चालविणारे इतिहासकार पिएर व्हिदाल-नाके यांचे आईवडील औशवित्झ येथे मारले गेले होते, हे या संदर्भात पुरेसे बोलके आहे.

इतिहासकाराचे काम

तथापि स्मृतीचा पुरस्कार आणि इतिहासाचा अभ्यास यांत भेद आहे. २३ फेब्रुवारी २००५ रोजी फ्रान्समध्ये एक कायदा झाला. समुद्रापार, विशेषतः उत्तर आफ्रिकेत, फ्रेंचांच्या वास्तव्याने जे हितकर कार्य केले ते शाळांतून शिकवावे, अशी तरतूद त्याच्या चौथ्या कलमात होती. चारच दिवसांनी फ्रान्सच्या राजदूतांनी सेतिफ येथे जाऊन १९४५ ची घटना ही अक्षम्य शोकांतिका असल्याचे जाहीरपणे मान्य केले. एकाच शासनाचे हे दोन आवाज होते. अनेक इतिहासकारांनी कायद्यास विरोध केला आणि २००६ च्या आरंभी ती तरतूद रद्द झाली. शासनाने गौरवाचा धडा लिहून द्यावा हे जसे त्यांना अमान्य होते, तसेच पश्चात्तापाचा तयार धडा मिळावा हेही त्यांपैकी अनेकांस मान्य नव्हते.

अल्जीरियाचीही स्वतःची चौकट आहे. २०२० पासून तेथे ८ मे हा राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. तेथील रूढ आकडाही इतिहासकारास पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहावा लागतो. असे करण्याने मृतांचा अवमान होत नाही. ज्यांची मोजदाद त्या वेळी कोणी केलीच नाही, त्यांची ती मोजदाद असते. दफ्तरे उघडणे, नावे शोधणे, दोन्ही किनाऱ्यांवरील साक्षी एकत्र वाचणे, हे काम संथ आहे; परंतु त्यावाचून फ्रान्समध्ये वाढलेल्या अल्जीरियन कुटुंबांतील मुलांना घरची आठवण आणि शाळेचा धडा यांतून एकाचीच निवड करावी लागते.

युरोप म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर नकाशावर जितके अवलंबून आहे तितकेच ते स्मृतीवर अवलंबून आहे. सेतिफच्या मिरवणुकीतील लोकांनीही नाझींच्या पराभवाचा आनंद मानला होता; त्यांच्यापैकी अनेकांचे आप्त फ्रान्सच्या सैन्यात लढले होते. विजयदिनाच्या वर्णनात त्यांचा अंतर्भाव केल्याने तो विजय उणा होत नाही. तो कोणाकोणाच्या श्रमाने मिळाला, आणि त्याचे फळ कोणास नाकारले गेले, एवढे मात्र स्पष्ट होते.